सभासद नोंदवही एक करताना: औसा तालुक्यातल्या एका शेतकरी कंपनीच्या ऑफिसातल्या कामाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचे ३४२ सभासद आहेत, नऊ गावांतले. त्यांची माहिती तीन ठिकाणी पडली आहे: २०१९ पासूनची शेअर नोंदवही, बियाणे वाटपाची वही (ती निम्मी कागदावर) आणि सोयाबीन खरेदीची फाइल. तिन्हीतली नावं एकमेकांशी जुळत नाहीत. संचालकांचं म्हणणं असं की मार्चच्या आत एकच नोंदवही व्हावी, प्रत्येक सभासदाला त्याच्या शेअरचं, खरेदीचं आणि थकबाकीचं पत्र जावं, आणि २०२६ च्या खरिपाला किती बियाणं लागेल तो आकडा निघावा.

ऑफिसात मी आणि एक मदतनीस. हाताने केलं तर चार महिने सहज जातील. आम्ही वापरतो त्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये यंदा एआय सहायक आला आहे: तक्त्याच्या शेजारी चौकट उघडते, मराठीत लिहिलं तरी कळतं. तोच वापरून हे काम करायचं ठरवलं. तो कोणत्या कंपनीचा हे लिहीत नाही. मायक्रोसॉफ्टचा कोपायलट घ्या किंवा गुगलचा जेमिनी, खाली ज्या अडचणी येतील त्या बहुतेक आमच्या नोंदवहीच्याच आहेत आणि दुसऱ्या गावच्या नोंदवहीतही असणार. म्हणूनच लिहून ठेवतोय.

आजचा वेळ: तीन तास, नुसत्या फाइली गोळा करण्यात.

११ नोव्हेंबर

आमचा सहायक चालायला फाइल क्लाउडवर ठेवावी लागते. शेअर नोंदवहीत आधार क्रमांक आणि बँक खाते क्रमांक आहेत. ते लोकांनी आमच्यावर विश्वास ठेवून दिले, दुसरीकडे पाठवायला दिलेले नाहीत. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ सालीच झाला आहे, पण कायदा नसता तरी हे केलंच असतं. ते दोन्ही रकाने काढून वेगळ्या फाइलीत ठेवले. ती फाइल ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच राहील, तिला पासवर्ड आहे. क्लाउडवरच्या फाइलीत फक्त सभासद क्रमांक ठेवला, म्हणजे नंतर जोडता येईल.

हे काम आधीच करा. फाइल वर चढवल्यावर रकाना पुसला तरी जुन्या आवृत्तीत तो राहतोच.

१२ ते १५ नोव्हेंबर

चार दिवस वाया गेले, तेही माझ्या चुकीने.

२०१९ ते २०२१ ची नावं ज्या ऑपरेटरने टाइप केली, त्याने जुना, युनिकोड (म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला वाचता येणारी अक्षरपद्धत) नसलेला फॉन्ट वापरला होता. आमच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट आहे, त्यामुळे पडद्यावर सगळं स्वच्छ मराठी दिसतं. पण आत साठवलेली अक्षरं इंग्रजी आणि चिन्हं. सहायकाला दिसतो तो हा गिचमिडा. मी त्याला सांगितलं, "गावनिहाय सभासदांची यादी कर." त्याने यादी केली. दिसायला नीटनेटकी, नऊ गावं, पुढे आकडे. मी ती खरी धरून दोन दिवस पुढचं काम केलं. तिसऱ्या दिवशी मदतनीस म्हणाला, "सर, आपल्या गावचे एवढे सभासद कुठं आहेत?" मोजले. यादीत ५८, नोंदवहीत ३९.

वाचता न आलेल्या मजकुरावरून त्याने अंदाजाने गटवारी केली होती, आणि वाचता येत नाही असं कुठेही म्हटलं नव्हतं. हे कायमचं लक्षात ठेवलं.

उपाय: फॉन्ट बदलणाऱ्या कन्व्हर्टरने सगळं युनिकोडमध्ये आणलं. त्यातही रफार आणि अर्धा र मोडतो. "सूर्यवंशी"चा रफार पुढच्या अक्षरावर गेला, "शेतकऱ्यांचे" चार तुकड्यांत पडलं. अशी १३० च्या वर नावं हाताने दुरुस्त केली. सोपी तपासणी म्हणजे एक सेल निवडून फॉन्ट बदलून मंगल करायचा. मराठी मराठीच राहिलं तर युनिकोड, नाहीतर जुना फॉन्ट. हे मी पहिल्या दिवशी केलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं.

१७ नोव्हेंबर

तारखा. सोयाबीन खरेदीचा महिनावार गोषवारा मागितला, तर ऑक्टोबरची खरेदी जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत सगळ्या महिन्यांत पसरलेली, आणि प्रत्येक महिन्याची तारीख १०. तेव्हा उलगडा झाला. कॉम्प्युटरची तारखेची पद्धत अमेरिकन होती, म्हणून ०५/१०/२०२४ हा त्याने १० मे धरला. १२ च्या पुढच्या तारखा त्याला तारीख वाटल्याच नाहीत, त्या नुसता मजकूर म्हणून राहिल्या.

विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रदेश भारत केला आणि कागदी पावत्यांवरून त्या ओळी पुन्हा भरल्या. काही पावत्यांवर साल नव्हतं. हमीभावाने खरेदी झालेल्या ओळींत भावावरून हंगाम ओळखता आला: ४,६०० असेल तर २०२३-२४, ४,८९२ असेल तर २०२४-२५. सहायकाला हा नियम सांगितला आणि त्याने सूत्र झटक्यात लिहून दिलं. अशा कामात तो खरोखर पटाईत आहे. यंदाचा भाव ५,३२८ आहे, तोही सूत्रात घालून ठेवला.

१८ आणि १९ नोव्हेंबर

एकच माणूस तीन फाइलींत तीन नावांनी आहे. शेअर नोंदवहीत आडनाव आधी, बियाण्याच्या वहीत नाव आधी, खरेदीत वडिलांचं नाव गाळलेलं. ज्ञानोबा, द्यानोबा, ज्ञानु. मी सहायकाला सांगितलं, "दुबार नावं काढून टाक." त्याने ११ ओळी काढल्या.

त्यातल्या चार ओळी वेगळ्या माणसांच्या होत्या.

दोघे चुलतभाऊ, एकाच नावाचे, वडिलांची नावं वेगळी. दुसरी जोडी गावाच्या नावामुळे गेली: एक बुद्रुकचा, एक खुर्दचा. वहीत "बु." आणि "खु." लिहिलेलं, सहायकाने ते टाइपिंगचा फरक धरला. भूकंपाच्या पट्ट्यातल्या गावांचंही तसंच झालं. ३० सप्टेंबर १९९३ नंतर जी गावं उठून नव्या जागी वसली, तिथे सातबारा जुन्या शिवाराचा आणि घर नव्या गावठाणात. "जुने" आणि "नवे" हे शब्द त्याला फालतू वाटले आणि त्याने पत्ते एक करून टाकले.

फाइलीची जुनी आवृत्ती परत आणता आली म्हणून वाचलो. त्यानंतर दोन नियम केले. "काढ" हा शब्द वापरायचा नाही, "शेजारच्या रकान्यात खूण कर" म्हणायचं. काढायचं ते मी काढीन. आणि ओळख सभासद क्रमांकाने करायची, नावाने नाही. ज्या ओळींत क्रमांकच नाही, त्यांच्यासाठी खूण केलेली यादी छापून घेतली आणि त्या त्या गावच्या संचालकाला दाखवली. आमच्या एका संचालक काकांनी चहा संपेपर्यंत २३ जोड्या निकाली काढल्या. "ह्यो थोरल्याचा, ह्यो धाकट्याचा, ही त्येंची चुलती."

२४ नोव्हेंबर

आजची नोंद मोठी आहे, कारण ही चूक कुणाच्याही लक्षात येत नाही.

क्षेत्राचा रकाना. शेतकरी सांगतो "दोन एकर वीस गुंठे", आपण लिहितो २.२०. गेली सहा वर्षं आम्ही असंच लिहीत आलो, आणि वाचणाऱ्या प्रत्येकाला त्याचा अर्थ कळत होता. एकराचे गुंठे ४०, म्हणजे २.२० हे अडीच एकर. कॉम्प्युटरला ते दोन पूर्णांक दोन दशांश. सहायकाने सगळा रकाना सरळ बेरजेने जोडला आणि वर "बियाण्याची अंदाजित गरज" म्हणून तक्ताही करून दिला. तक्ता इतका सुरेख होता की मी तो अध्यक्षांना पाठवणारच होतो.

पाठवण्याआधी सहज आमच्या घरची ओळ पाहिली. ३.३०. आमची जमीन पावणेचार एकर आहे, हे मला लहानपणापासून माहीत आहे. एकरी ३० किलोने बियाणं ११२ किलोच्या वर लागायला हवं. तक्त्यात ९९ होतं.

मग एक गाव हाताने केलं, २७ सभासदांचं. सहायकाची बेरीज ६८.९० एकर. हाताने गुंठे वेगळे काढून केली तर ७६ एकर १० गुंठे. सव्वासात एकराहून जास्त फरक एका गावात. ३० किलोची पिशवी धरली तर त्या गावाला सात पिशव्या कमी पडल्या असत्या, आणि पेरणीच्या तोंडावर सात घरं दुकानदाराच्या दारात गेली असती.

सूत्र सहायकाकडूनच लिहून घेतलं, पण नियम मी सांगितला: टिंबाच्या आधीचा आकडा तसाच ठेव, टिंबानंतरचे दोन अंक म्हणजे गुंठे, त्यांना ४० ने भाग, मग दोन्ही मिळव. दोन ठिकाणी पुन्हा अडलं. एक, २.२० लिहिलं की तक्ता शेवटचं शून्य खातो आणि २.२ दाखवतो, सूत्र ते वीस गुंठेच धरतं, म्हणून बरं. पण कुणी दोन एकर दोन गुंठे हे २.०२ न लिहिता २.२ लिहिलं असेल तर तेही वीस होतात. अशा सगळ्या ओळी सातबारावरून तपासाव्या लागल्या. दुसरं, आकड्यातून एकर वजा करून गुंठे काढताना कॉम्प्युटरकडे बारीक अपूर्णांक उरतो, म्हणून गुंठे आधी पूर्णांकात आणून मगच भागायचे.

आता नव्या नोंदवहीत एकर आणि गुंठे असे दोन रकाने केले आहेत. टिंब नाहीच.

वेळ: पूर्ण दिवस आणि रात्री दोन तास.

२६ नोव्हेंबर

एक सवय लावून घेतली, ती सांगतो. सहायकाकडे उत्तर मागायचं नाही, सूत्र मागायचं. "एकूण बाकी किती?" विचारलं तर तो चौकटीत आकडा सांगतो, तो कुठून आला हे दिसत नाही, आणि एकदा तर दुसऱ्यांदा विचारल्यावर आकडा बदलला. "एकूण बाकी काढायचं सूत्र या सेलमध्ये लिही" म्हटलं की सूत्र दिसतं, तपासता येतं, उद्या माझ्या जागी दुसरा आला तरी त्यालाही दिसेल. एक्सेलमध्ये कोपायलट नावाचं जे फंक्शन आलं आहे, त्याबद्दल मायक्रोसॉफ्टही हेच सांगते: आकडेमोड आणि जिथे अचूक उत्तर हवं तिथे नेहमीची सूत्रं वापरा.

१ डिसेंबर

दिवसभर लाइट नाही. नेट नाही म्हणजे सहायकही नाही. बियाण्याच्या कागदी वहीतली पानं हाताने लिहून काढली. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत कपाटात पाणी शिरलं होतं, खालची वही भिजून पानं चिकटली आहेत. उन्हात वाळवून सुटी केली.

४ डिसेंबर

क्षेत्राचं काम संपलं असं वाटलं होतं. संपलं नव्हतं.

काही ओळींत टिंबानंतर ६०, ७५, ९० असे आकडे होते. गुंठे ४० च्या पुढे जात नाहीत. म्हणजे त्या ओळी एकर-गुंठ्याच्या नाहीतच, सातबारावरून उतरवलेल्या हेक्टर-आरच्या (एका हेक्टरचे १०० आर) आहेत. १.२० हे एकर-गुंठ्यात दीड एकर, हेक्टर-आरमध्ये जवळपास तीन एकर. एकाच रकान्यात दोन मापं, आणि एकक कुठेच लिहिलेलं नाही.

सहायकाला सांगितलं, टिंबानंतर ४० किंवा त्याहून मोठा आकडा असेल तिथे खूण कर. ४१ निघाल्या. पण हेक्टरमधल्या ज्या ओळींत आर ४० च्या खाली आहेत, त्या या चाळणीतून निसटतात. त्यासाठी एकच खूण सापडली: २०२२ साली एक मुलगी काही महिने ऑफिसात होती आणि ती सातबारा समोर ठेवून भरायची. त्या महिन्यांतल्या सगळ्या नोंदी वेगळ्या काढल्या, अजून ५५. आता त्या एकेक करून फोनवर विचारतोय.

११ डिसेंबर

पत्राचा मसुदा. तक्ता आणि पत्र जोडून छपाई करणं सोपं आहे, ते आधीपासून येतं. मसुदा सहायकाकडून घेतला. बाकी असणाऱ्यांसाठी त्याने लिहिलं: "सदर थकबाकी विहित मुदतीत न भरल्यास आपणाविरुद्ध नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल, याची नोंद घ्यावी."

मला ते ऑफिसचं पत्र म्हणून बरोबरच वाटलं. संध्याकाळी आमच्या एका संचालक काकूंनी मोठ्याने वाचलं आणि कागद टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "हे बँकेचं पत्र आहे. आपले सभासद म्हणजे कंपनीचे मालक आहेत. सप्टेंबरात ज्याच्या शेतात कमरेएवढं पाणी होतं, त्याला तू हे देणार?"

मी हेच वाचून घेतलं होतं आणि मला काही खटकलं नव्हतं, याचं मला वाईट वाटलं. मग दोघांनी बसून नवा मसुदा केला:

"मागच्या खरिपात तुम्ही बियाण्याच्या पिशव्या नेल्या, त्यातले १,८५० रुपये यायचे राहिले आहेत. यंदाच्या पावसाने काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. एकदम जमत नसेल तर ऑफिसात या, हप्ते बांधून घेऊ. तुमच्या नावावर आमच्या वहीत ३ एकर ३० गुंठे दिसतात. चूक असेल तर सांगा."

हा मसुदा सहायकाला दिला आणि सांगितलं, बाकी नसलेल्यांसाठी आणि ज्यांचंच आपल्याकडे येणं आहे त्यांच्यासाठी याच भाषेत दोन पत्रं कर. ती दोन्ही छान झाली, एकेक शब्द बदलावा लागला. समोर नमुना असला की तो चांगलं लिहितो. एकच राहिलं: शेवंता, सुमन या नावांपुढे त्याने "श्री." लावलं होतं. त्यासाठी वेगळा रकाना करून ६४ महिला सभासदांपुढे "श्रीमती" स्वतः भरलं.

१६ डिसेंबर

३४२ पत्रं छापली. कागद, टोनर, पाकिटं मिळून २,३०० रुपये. पोस्टाने न पाठवता गावोगाव माणसाकडून वाटली.

१९ डिसेंबर

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. ऑफिस बंद. बायकोच्या डोक्यावर भज्जी, आंबील आणि उंड्यांची पाटी, आम्ही सगळे शेतात. जेवायला शेजारच्या शिवारातले पाच-सहा सभासद आले होते. खिशात यादी होतीच. हेक्टर-आरच्या राहिलेल्या नोंदींपैकी १४ तिथेच, बांधावर बसून मिटल्या. एका मामांनी बोट दाखवूनच सांगितलं, त्या बाभळीपासून या पांदीपर्यंत, तीन एकराला दोन गुंठे कमी.

२२ डिसेंबर

आज सकाळी एक मुलगा पत्र घेऊन आला. पत्र त्याच्या वडिलांच्या नावाने होतं. वडील दोन वर्षांपूर्वी वारले.

नोंदवहीत "शेरा" म्हणून शेवटचा रकाना आहे. त्यात "मयत" लिहिलेलं आहे, माझ्याच हातचं. पत्रं काढताना मी सहायकाला त्या रकान्याबद्दल एक शब्द सांगितला नव्हता, आणि मी स्वतःही तो पाहिला नाही. तपासलं तर असे नऊ जण. सहा पत्रं वाटणाऱ्यांनी आपणहून बाजूला ठेवली, कारण त्यांना माणसं माहीत होती. तीन घरांत गेली.

दुपारी काकूंना घेऊन तिन्ही घरी गेलो. त्या मुलाच्या आईने पत्र देवाच्या फोटोखाली नीट घडी करून ठेवलं होतं. म्हणाल्या, "त्येंच्या नावानं कागद आला, मला वाटलं कायतरी मिळायलंय."

मिळायला हवंच होतं. त्यांच्या नवऱ्याचे शंभर शेअर अजून मयत माणसाच्या नावावर पडून आहेत. दोन वर्षं कुणीही त्या घराला सांगितलं नाही की ते वारसाच्या नावे होतात. मी मावशींची माफी मागितली आणि अर्जाचा कागद तिथेच भरून घेतला.

२४ डिसेंबर

पत्रं काढण्याच्या सूत्रात आता पहिली अट शेऱ्याची आहे. शेरा रिकामा नसेल तर ती ओळ आपोआप वेगळ्या यादीत जाते आणि ती यादी मी वाचतो.

मग नामनिर्देशनाचा रकाना उघडला. उत्पादक कंपनीच्या कायद्यात आहे की सभासद झाल्यापासून तीन महिन्यांत वारसाचं नाव द्यायचं. आमच्याकडे ११८ ओळी रिकाम्या. सहायकाला त्या गाववार लावून द्यायला सांगितलं, अर्ध्या मिनिटात दिल्या. भरायच्या मात्र घरोघर जाऊन.

५ जानेवारी २०२६

हेक्टर-आरच्या सगळ्या नोंदी मिटल्या. एकूण क्षेत्र ९७१ एकर ८ गुंठे. बियाण्याचा आकडा अध्यक्षांकडे दिला, सोबत एका गावाची हाताने केलेली बेरीजही जोडली.

खर्च: सॉफ्टवेअरची वर्षाची वर्गणी सात हजारांच्या आत, छपाई २,३००, गावोगावचं पेट्रोल १,४०० च्या आसपास. वेळ जवळजवळ दोन महिने. त्यातला बराचसा फॉन्ट, क्षेत्र आणि नावं यांत गेला. सूत्रं आणि पत्रांचे मसुदे मिळून तीन दिवससुद्धा नाहीत. नुसतं हे सूत्रं-मसुद्यांचं काम मी एकट्याने केलं असतं तर महिना लागला असता.

नामनिर्देशनाचे ३१ अर्ज झाले, ८७ बाकी आहेत. मावशींचा अर्ज २० तारखेच्या बैठकीत ठेवला आहे. गुरुवारी खुर्दला जायचंय, तिथल्या १२ घरांची यादी छापून पिशवीत ठेवली.